पोस्टाची आरडी, पाचपैकी गुण: योजनेला साडेतीन, खिडकीला दोन, एजंट काकूंना पाच

आधीच सांगते, हा अभिप्राय पोस्टाच्या बचत खात्यांबद्दल आहे, टपालाबद्दल नाही. पार्सल कुठे अडकलं, राखी दिवाळीला कशी पोचली, हे ज्याचं त्याने वेगळं लिहावं. मी कोपरखैरण्याला राहते, तुर्भ्याच्या दाणा बाजारात एका गाळ्यावर हिशेब लिहिते, आणि आमच्या घरातली जी काही शिल्लक आहे ती बहुतेक सगळी पोस्टात आहे. मामांचं (सासऱ्यांना आम्ही मामाच म्हणतो, सासूबाईंना आत्या) ज्येष्ठ नागरिकांचं खातं, आत्यांचं एमआयएस (मासिक उत्पन्न योजना), लेकीचं सुकन्या आणि माझी आरडी, म्हणजे दर महिन्याला हप्ता भरायची आवर्ती ठेव. त्यामुळे चारही योजना वापरून झाल्यात आणि चारही पासबुकं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत कपाटात आहेत. नवऱ्याचं म्हणणं, म्युच्युअल फंडात टाकायला हवे होते. असेल. पण त्याने टाकले नाहीत, आणि मी आरडीत टाकले, एवढाच काय तो फरक.

आरडीपासूनच सुरू करते, कारण आमच्यासारख्या घरांसाठी तीच खरी योजना. महिन्याला कमीत कमी 100 रुपये, पुढे दहाच्या पटीत कितीही. पाच वर्षं, म्हणजे साठ हप्ते. ऑक्टोबर 2023 पासून दर 6.7 टक्के झाला, व्याज तिमाहीला चक्रवाढ. महिना हजार भरले तर 60,000 चे शेवटी 71,366 रुपये होतात. हप्ता चुकला तर शंभराला महिन्याला एक रुपया दंड, लागोपाठ चार चुकले तर खातं खंडित, मग दोन महिन्यांच्या आत अर्ज करून, मागचे हप्ते भरून ते जिवंत करायचं. पंधरा तारखेपर्यंत उघडलेलं खातं असेल तर हप्ता पंधरापर्यंत, नंतर उघडलेलं असेल तर महिनाअखेरपर्यंत. बारा हप्ते झाले की शिलकीच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, आरडीच्या दरावर दोन टक्के जास्त व्याजाने. सोनं गहाण टाकण्यापेक्षा हे मला नेहमीच बरं वाटलं आहे, सोनाराच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. सहा महिन्यांचे हप्ते एकदम भरले तर महिना शंभराच्या आरडीमागे एकूण दहा रुपये सूट, वर्षाचे भरले तर चाळीस. ही सूट फार कमी लोकांना माहीत असते आणि खिडकीवर कुणी आपणहून सांगत नाही.

तीन वर्षं झाल्याशिवाय आरडी मोडता येत नाही, आणि मोडली तर व्याज साध्या बचत खात्याचं, म्हणजे 4 टक्के. याला लोक वाईट म्हणतात. मी याचेच गुण देते. आमच्याकडे गावाहून फोन येतो, भावकीत लग्न निघतं, जावेच्या माहेरी कुणी आजारी पडतं, आणि बँकेतल्या बचत खात्यातले पैसे मोबाइलवरून दोन मिनिटांत जातात. आरडीतले जात नाहीत. "पोस्टात अडकलेत हो" असं म्हणता येतं आणि समोरचाही ते समजून घेतो.

आता तक्रार, आणि ही तक्रार खिडकीवरच्या माणसाची नाही, वर दर ठरवणाऱ्यांची आहे. त्याच पोस्टात, त्याच पाच वर्षांसाठी, एकरकमी ठेव ठेवली, ज्याला टीडी म्हणतात, तर 7.5 टक्के मिळतात. महिन्याच्या महिन्याला थोडे थोडे भरणाऱ्याला 6.7. म्हणजे ज्याच्याकडे रक्कम आधीच आहे त्याला जास्त, आणि जो पोट मारून रक्कम उभी करतोय त्याला कमी. बचत खातं सोडलं तर पोस्टाच्या सगळ्या योजनांत सर्वांत कमी दर आरडीचा आहे, एक वर्षाच्या टीडीलासुद्धा 6.9 मिळतात. हजाराच्या आरडीला साडेसात टक्के लावून मी हिशेब करून पाहिला, 72,900 च्या आसपास होतात. म्हणजे पाच वर्षांत साधारण दीड हजाराचा फरक. सरकारच्या तिजोरीला हा आकडा किरकोळ असेल, आमच्याकडे त्यात लेकीच्या क्लासचं एका महिन्याचं भागतं.

वर करसवलत. पीपीएफला (सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधी) 7.1 टक्के, व्याज करमुक्त, जुन्या करपद्धतीत भरलेल्या रकमेची वजावटही मिळते. पाच वर्षांच्या टीडीलाही ती वजावट आहे. आरडीला नाही, आणि आरडीचं व्याज उत्पन्नात धरतात. आमच्या गाळ्यावर मला आणि हमालांना कर भरायची वेळच येत नाही, तेव्हा वजावट असली काय नि नसली काय. पण "बचतीला प्रोत्साहन" म्हणून दरवर्षी जो गाजावाजा होतो, तो मुळात कर भरणाऱ्यांच्या बचतीला असतो हे कुणी सांगत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. आरडीचा दर खातं उघडताना जो असेल तोच पाच वर्षं राहतो. एप्रिल 2020 पासून मार्च 2023 पर्यंत तो 5.8 होता. माझी आधीची आरडी जुलै 2020 मधली, लॉकडाऊननंतर बाजार नुकता रुळावर येत होता तेव्हाची. नंतर दर 6.2 झाला, 6.5 झाला, 6.7 झाला, माझी आपली 5.8 वरच. जुलै 2025 मध्ये मिळाले ते हजारामागे 69,700 च्या आसपास. उलटही होतं, दर उतरले तर चढ्या दराने उघडलेलं खातं तरून जातं. दर दर तिमाहीला जाहीर होतात, तेव्हा नवं खातं उघडायचं असेल तर मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर या महिन्यांच्या शेवटी बातम्यांकडे कान ठेवावा. 31 मार्च 2021 ची गंमत आठवत असेल. संध्याकाळी आदेश निघाला की पीपीएफ 7.1 वरून 6.4, आरडी 5.8 वरून 5.3, बचत खातं 4 वरून साडेतीन. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी सांगितलं की तो आदेश अनवधानाने निघाला होता, मागे घेतला. दुसरा दिवस 1 एप्रिल होता! आमच्या बाजारात त्या सकाळी कुणालाच खरं वाटेना.

आता एजंट काकू. यांच्याशिवाय हा अभिप्राय लिहिण्यात अर्थ नाही.

पोस्टाच्या आरडीसाठी 'महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना' नावाची एक सरकारी योजना आहे, 1972 पासूनची. तिच्याखाली फक्त बायकांना एजन्सी मिळते. त्या घरोघर जाऊन आरडीचे हप्ते गोळा करतात, पोस्टात भरतात, आणि त्यांना भरण्यावर 4 टक्के कमिशन मिळतं. ते सरकार देतं, गिऱ्हाइकाकडून एक पैसा घ्यायचा नसतो. माझ्या हजाराच्या हप्त्यामागे काकूंना चाळीस रुपये. त्या चाळीस रुपयांत त्या आमच्या चाळीत येतात, मी कामावर असले तर आत्यांकडून पैसे घेतात, कार्डावर सही करतात, यादी बनवतात, ती पोस्टात नेऊन रांगेत उभ्या राहतात, पासबुकं छापून परत आणतात.

त्यांचं काम कसं चालतं ते एकदा बघण्यासारखं आहे. महिन्याच्या आठ-नऊ तारखेला, म्हणजे पगार झाल्यावर आणि किराण्याचं बिल भागवल्यावर, पण पोरांच्या फीच्या आधी, बरोब्बर त्या दिवशी त्या दारात. कुणाचा नवरा कुठल्या तारखेला पैसे देतो, कुणाकडे ते रात्रीच उडतात, कुणाच्या घरी सासूसमोर आरडीचं नाव काढायचं नाही, सगळं त्यांना पाठ. आमच्या समोरच्या घरात त्या नेहमी मागच्या दाराने जातात. "पैसे नाहीत" म्हटलं तर रागवत नाहीत, "बरं, शंभर आहेत का? शंभराचीच दुसरी उघडू या, हिला हात नको लावू" म्हणतात. मी स्वतः ऐकलं आहे. एका बाईला त्यांनी दोनशेच्या आरडीवर टिकवली, आणि ती दोनशेची आरडी पूर्ण झाली तेव्हा त्या बाईच्या नावावर आयुष्यात पहिल्यांदा पाच आकडी रक्कम आली.

लोक म्हणतात, आता मोबाइल आहे, एजंट कशाला? खरं आहे, इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं काढलं की ॲपवरून आरडी, सुकन्या, पीपीएफ, सगळ्यांत पैसे भरता येतात. मी सुकन्या तशीच भरते, चांगलं चालतं, पाच तारखेच्या आत भरायला सोपं जातं (सुकन्या आणि पीपीएफमध्ये पाच तारखेनंतर भरलेल्या पैशाला त्या महिन्याचं व्याज मिळत नाही). पण आमच्याच ओळीतल्या ज्या दोघीतिघी काकूंना सोडून ॲपवर गेल्या, त्यांचे हप्ते पहिल्या गणपतीतच चुकायला लागले. ॲप दार वाजवत नाही. ॲपला 'उद्या भरते' सांगितलं की ते गप्प बसतं.

हे मला इतकं पटतं त्याचं कारण मी रोज बाजारात बघते. मामा माथाडी कामगार होते, जावळीतून मुंबईला आलेले, आधी मस्जिद बंदरला आणि मग बाजार इकडे आल्यावर तुर्भ्याला. पाठीवर क्विंटलची गोणी वाहिलेला माणूस. दारू नाही, तंबाखू आहे. त्यांनी आयुष्यात स्वतःहून एक पैसा शिल्लक टाकला नाही, ते स्वतःच सांगतात. तरी निवृत्त झाले तेव्हा हातात रक्कम आली. कारण 1969 चा माथाडी कायदा. अण्णासाहेब पाटलांनी कामगारांना संघटित केलं, त्या लढ्यातून तो आला. या कायद्यात व्यापारी हमालाच्या हातात थेट मजुरी देत नाही. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे मजुरीवर वरून लागणारी रक्कम, माथाडी मंडळात भरतो, मंडळ कामगाराच्या खात्यावर पगार टाकतं, आणि भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, सुट्टीचा पगार, औषधपाणी हे सगळं त्या लेव्हीतून आणि कपातीतून चालतं. हा भरणा आमच्या गाळ्यापुरता मीच करते. टोळीचा मुकादम गोण्यांचा आकडा देतो, मी बिल करते, त्यावर लेव्ही चढवते, शेठ सही करताना दरवेळी तोच सुस्कारा टाकतात. पण त्या सुस्काऱ्यावर मामांचं म्हातारपण उभं आहे हे मला माहीत आहे, म्हणून मी चेकबुक पुढे सरकवून शांत बसते.

आता त्याच गाळ्याच्या मागे टेम्पो भरणारी पोरं बघा. बिहारची, परभणीची, काही आमच्या साताऱ्याचीसुद्धा. टोळीत नाव नाही, मंडळात नोंद नाही. संध्याकाळी हातावर रोख. त्यांची कमाई मामांच्या तरुणपणच्या कमाईपेक्षा कमी नाही, पण बाजूला पडत नाही, कारण बाजूला टाकणारं मधे कुणी नाही. पैसे हातात यायच्या आधी कापले गेले, नाहीतर दारात कुणी येऊन घेऊन गेलं, तरच आमच्याकडे शिल्लक पडते. मामांना मंडळ होतं, मला काकू आहेत. सरकारने बचतीसाठी काय करावं असं कुणी विचारलं तर माझं उत्तर हेच: कापणारी आणि गोळा करणारी माणसं वाढवा, जाहिरातीचे फलक नंतर लावा. झालं आहे उलटं. पीपीएफ आणि ज्येष्ठ नागरिक योजनेवरचं एजंटांचं कमिशन 1 डिसेंबर 2011 पासून बंदच केलं. बाकी योजनांचंही कमी केलं. आरडीचे 4 टक्के तेवढे राहिले. काकूंच्या बरोबरीच्या बायका साठीला टेकल्या आणि त्यांच्या जागी नवीन मुलगी यायला तयार नाही. चाळीस रुपयांत कोण येणार? ॲपवरून जेवणाचे डबे पोचवणाऱ्या पोराला दोन खेपांत तेवढे मिळतात.

काकूंना पाच गुण देताना एक ताकीद मात्र देते. एजंटला रोख दिली की कार्डावर सही त्याच क्षणी घ्यायची, पोस्टातून मोबाइलवर मेसेज येतो का ते बघायचं, आणि पासबुक दोन-तीन महिन्यांतून एकदा आपल्या डोळ्यांनी छापून बघायचं. एजन्सीचं ओळखपत्र मागायला लाजू नये. काकू स्वतःच सांगतात, "माझ्यावर विश्वास ठेव, पण पासबुकावर जास्त ठेव."

आता खिडकी. कुठलं पोस्ट ते सांगत नाही, तिथल्या माणसांशी माझं भांडण नाही. एक माणूस स्पीड पोस्ट घेतो, तोच आधारच्या रांगेला उत्तर देतो, तोच बचत खात्याची खिडकी बघतो. पेन दोरीला बांधलेलं, दोरी आहे पण पेन बहुतेक वेळा चालत नाही. पैसे भरायला एसबी-103, काढायला एसबी-7, हे दोन फॉर्म घरी चार-पाच आणून ठेवावेत, तिथे संपलेले असतात. पासबुकाचं प्रिंटर मागच्या ओळीवर पुढची ओळ छापतं आणि मग आत्या ते पासबुक खिडकीच्या उजेडात धरून दोन रकमांतली खरी कोणती ते ओळखायचा प्रयत्न करतात. "सर्व्हर नाही, उद्या या" हे तर ठरलेलंच. एकदा मामांनी काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवून विचारलं, "साहेब, उद्याचं रिक्षाभाडं कुठल्या योजनेतून मिळंल?" पूर्ण रांग हसली, साहेबही हसले, पण सर्व्हर आलाच नाही.

मामांचं काम एकदा अशाच एका गोष्टीवर अडलं होतं. आधारच्या यंत्रावर त्यांचा अंगठा उमटेना. डावा नाही, उजवा नाही, एकही बोट नाही. यंत्र लाल दिवा दाखवायचं. साहेबांनी बोटं ओल्या कपड्याने पुसायला लावली, मग कोरडी करायला लावली, मग जोरात दाबायला लावली. मामांच्या बोटांच्या टोकांवर रेषाच उरलेल्या नाहीत, सुतळी आणि गोणपाट धरून धरून कातडी गुळगुळीत झाली आहे, उजव्या तर्जनीवर तर शाईचा पॅड लावला तरी नुसता काळा ठिपका येतो. बाजारात असे कितीतरी आहेत. शेवटी वेगळा अर्ज, शाईचा अंगठा, दोन साक्षीदार, त्यातला एक पोस्टात खातं असलेला हवा, असं करत करत काम झालं. त्या साहेबांनी त्यासाठी जेवणाची सुट्टी सोडली, हेही लिहायला हवं. पण ज्यांच्यासाठी योजना आहे त्यांचीच बोटं यंत्राला ओळखू येत नसतील, तर यंत्रासोबत शाईचा पॅडही ठेवा आणि तो साधा नियम म्हणून ठेवा, साहेबांची मेहरबानी म्हणून नको.

मामांचं खातं मात्र उत्तम. ज्येष्ठ नागरिक बचत योजना, साठीच्या वरच्यांना, जास्तीत जास्त 30 लाख. ही मर्यादा 2023 च्या अर्थसंकल्पात 15 वरून 30 वर नेली, आमच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. दर 8.2 टक्के, उघडताना लागला तो पाच वर्षं पक्का. मंडळाकडून आलेल्यातले 8 लाख त्यांनी जून 2023 मध्ये ठेवले, तीन महिन्यांना 16,400 जमा होतात. मामा ते पासबुक दर तिमाहीला स्वतः छापायला नेतात, पैसे काढायचे नसले तरी. आत्यांच्या नावावर एमआयएसमध्ये 4 लाख, 7.4 टक्क्यांनी महिन्याला 2,467. आत्यांच्या हातात हा असा पैसा आहे जो त्यांनी कुणाला मागितलेला नाही, आणि त्याचा परिणाम घरात दिसतो, एवढंच सांगते. एमआयएसचं व्याज तसंच पडून ठेवलं तर त्यावर व्याज मिळत नाही, म्हणून ज्यांना ते लागत नसेल त्यांनी बचत खात्यातून आरडीत वळतं करायची सूचना देऊन ठेवावी.

सुकन्याबद्दल थोडक्यात. दहा वर्षांखालच्या मुलीच्या नावे, वर्षाला कमीत कमी 250, जास्तीत जास्त दीड लाख. पंधरा वर्षं भरायचं, खातं उघडल्यापासून एकवीस वर्षांनी मुदत. लेकीचं खातं 2015 मधलं, योजना निघाली त्याच वर्षीचं, तेव्हा दर 9.2 होता. मग उतरत उतरत 7.6 पर्यंत आला, आणि जानेवारी 2024 पासून 8.2. हा दर आरडीसारखा पक्का नसतो, सरकार बदलेल तसा सगळ्या खात्यांचा बदलतो, ते खातं उघडताना कुणी सांगत नाही. महिना हजार आणि आजचाच दर धरला तर साडेपाच लाखांच्या आसपास होतात. मुलगी दहावी झाली किंवा अठराची झाली की शिक्षणासाठी निम्मे काढता येतात. माझ्या मते मुलीच्या बापाने लग्नाचा हॉल बुक करायच्या आधी वाचावा असा हा नियम आहे.

महिला सन्मान बचत पत्राबद्दल बायका अजून विचारतात. ते बंद झालं. एप्रिल 2023 ते मार्च 2025 एवढंच होतं, दोन लाखांपर्यंत, दोन वर्षं, साडेसात टक्के. चांगलं होतं, म्हणूनच बहुतेक गेलं.

भिशी की आरडी, हा आमच्या चाळीतला जुना वाद. बारा बायका, दोन हजार महिना, चिठ्ठी निघेल तिला 24,000. व्याज शून्य. पण गणपतीच्या आधी किंवा शाळा उघडताना एकदम रक्कम मिळते, आणि न भरलं तर अकराजणींत तोंड दाखवायला जागा राहत नाही. म्हणजे तिथेही दार वाजवणारं कुणीतरी आहेच. लाडकी बहीणचे 1,500 यायला लागल्यापासून आमच्याकडे दोन नव्या भिश्या निघाल्या. काकूंनी त्यातल्या काहीजणींना पाचशेची आरडी उघडायला लावली, "हजार भिशीत, पाचशे माझ्याकडे". हा तोडगा मला आवडला. भिशी ओळखीतली असेल तर चालू द्यावी. पण आठवड्याला टक्केवारी देणाऱ्यांपासून लांब राहावं. जानेवारी 2025 मध्ये खडे-दागिन्यांच्या नावाखाली चाललेलं जे दुकान फुटलं त्यात नवी मुंबईतल्या लोकांचेही पैसे गेले, आणि रांगेत भाजीवाले होते, रिक्षावाले होते, आमच्यासारखेच. बँकेतली ठेवही, बँक बुडाली तर, 5 लाखांपर्यंतच विम्याने सुरक्षित आहे, 2020 च्या फेब्रुवारीपर्यंत तर ती मर्यादा 1 लाखच होती. पोस्टातल्या पैशाला केंद्र सरकारची हमी आहे, रकमेची मर्यादा नाही. मामा यापलीकडे दुसरं काही ऐकून घेत नाहीत.

दिराने अटल पेन्शन घेतली आहे. तिशीत सुरू केली, 5,000 च्या पेन्शनसाठी महिन्याला 577, खात्यातून आपोआप कापले जातात, म्हणून चालू आहे. तीस वर्षांनी पाच हजारात काय येईल ते देव जाणे, रक्कम महागाईप्रमाणे वाढत नाही. आणि गाळ्यामागच्या टेम्पोवाल्या पोरांना मी निदान 20 रुपयांचा अपघात विमा घ्यायला लावला, वर्षाला वीस, मृत्यू झाला तर 2 लाख. पंतप्रधान सुरक्षा विमा. बँक खातं सगळ्यांना आहे, फॉर्म एका पानाचा. दोघांनी घेतला, बाकीचे "बघू ताई" म्हणाले.

खातं उघडणाऱ्यांसाठी शेवटच्या दोन गोष्टी. वारस लावल्याशिवाय खिडकी सोडू नका, आणि मुदत संपली की खातं बंद करून पैसे घ्या किंवा नव्याने ठेवा. तीन वर्षं तसंच राहिलं तर खातं गोठवतात, मग पुन्हा कागद, पुन्हा फेऱ्या. जुलैमध्ये आरडीचे आलेले पैसे मी त्याच दिवशी पाच वर्षांच्या टीडीत टाकले, साडेसातने, आणि हजाराची नवी आरडी काकूंच्या वहीत सुरू केली. काकूंच्या वहीत अजून जागा आहे. कोपरखैरणे-घणसोलीच्या बाजूला कुणाला हवं असेल तर आपल्या जवळच्या पोस्टात महिला प्रधानच्या एजंटची चौकशी करा, ओळखपत्र बघा, आणि पहिली आरडी झेपेल त्यापेक्षा थोड्या कमी रकमेची उघडा.